निगेटिव्ह विचार!

आमच्या रूमवर सध्या चौथा मेंबर राहायला आलाय. मेसचं बिल भरत नाही, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घर्र-घर्र करून सगळ्यांना जागं ठेवतो. नाव निकॉन कूलस्कॅन फाइव्ह, मॉडेल एलएस-५०. वय आपल्या फर्स्ट इयरवाल्यांपेक्षा जास्त. धंदा – फिल्म स्कॅन करणे. कंपनीने हे मॉडेल केव्हाच बंद केलंय. मामाच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून दोन महिन्यांच्या बोलीवर आणलाय.

कारण काका. आमचं गाव मासवण, पालघर-मनोर रस्त्यावर सूर्या नदीकाठी. काका तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला याशिका एमएफ-२ गळ्यात अडकवून फिरायचा. लग्नं, लावणी, नदीचा पूर... काही सोडलं नाही. पुढे पावसाळी ओलीने अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले. आता काकाही नाही. उरलाय बिस्किटाचा डबा आणि त्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. पाकिटांवर अजून 'जि. ठाणे'च, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला!

"अरे, मोबाईलने काढ ना!" हा रूममेटचा सल्ला. काढून पाहिलं. काम झटपट होतं, पण प्रत्येक ओरखडा आणि धुळीचा कण फोटोत येतो. हा म्हातारा मात्र इंचाला ४००० बिंदू वाचतो. ३६ × २४ मिमीच्या फ्रेमचे होतात सुमारे २.१ कोटी पिक्सेल. शिवाय लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाबरोबर तो इन्फ्रारेडही सोडतो. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. म्हणजे घाणीचा वेगळा नकाशाच मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा बुजवतं. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चांदी असते, ती इन्फ्रारेड अडवते. तिथे हे 'डिजिटल आइस' बंदच ठेवायचं आणि ब्लोअरने फुंकत बसायचं.

खरी ओरल घेतली ती सॉफ्टवेअरने. निकॉनचं जुनं सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजला ओळखच देत नाही. शेवटी व्ह्यूस्कॅन टाकलं, तेव्हा साहेब हलले. नशीब हा यूएसबीचा. याच्या काही थोरल्या भावंडांना फायरवायर नाहीतर स्कझी लागतं. सरळ पट्टी एसए-२१ अडॅप्टर स्वतः ओढून घेतो. आमच्या बऱ्याच पट्ट्या सुरळी झालेल्या, त्या एफएच-३ होल्डरमध्ये दाबून एमए-२१ मधून एकेक फ्रेम सरकवायच्या. बुरशीने जिथे थरच खाल्लाय, तिथे कुठलाच स्कॅनर काही करू शकत नाही.

आणि मित्रांनो, एक गोष्ट ४००० डीपीआयलाही दिसत नाही – माणसांची नावं! ती आजीकडेच आहेत. म्हणून आता प्रत्येक शनिवारी लॅपटॉप घेऊन मासवणला जातो. आजी चष्मा पुसते, स्क्रीनजवळ वाकते आणि सांगते, "ही माझी नणंद... हा पुरात वाहून गेलेला साकव." मी फाईलचं नाव बदलतो. कधी ती बराच वेळ बघते आणि म्हणते, "कोण रे हा? ओळखीचा वाटतो..." पुढच्या शनिवारी पुन्हा विचारतो. काही चेहरे तिलाही आता आठवत नाहीत.

स्कॅनरचा पट्टा तुटला तर दुसरा शोधता येईल. तेव्हा या सुट्टीत घरचा डबा उघडा, आणि पट्ट्यांच्या आधी आजीला गाठा!