चॅप्लिनच्या घरी एक दिवस

स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाच्या एकाही शिखरावर पाय न ठेवता आम्ही परत आलो, ही गोष्ट आमच्या आप्तेष्टांस अद्याप पटलेली नाही. युंगफ्राउची आगगाडी कशी होती, असे जो तो विचारतो. आणि त्या दिवशी आम्ही एका विदूषकाचे घर पाहावयास गेलो होतो असे सांगितले, म्हणजे विचारणाराचा चेहरा उतरतो. पण दोष आमचा नव्हे. तो बेत अप्पांचा होता.

अप्पा म्हणजे आमचे धाकटे काका. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या घरी गुरुवारी भजन होत असे, त्यास पेटीची साथ अप्पांची असे. आणि गावात कोणी गवई आला म्हणजे त्याची बैठक मोडेपर्यंत ते घरी परतत नसत. गेली आठ-नऊ वर्षे मात्र त्यांस मुळीच ऐकू येत नाही. कानात घालावयाच्या यंत्राचाही उपयोग होईनासा झाला. पेटी तेव्हापासून माळ्यावर आहे, आणि ती खाली काढावी काय, असे त्यांस विचारण्याचे धैर्य घरात कोणासही झालेले नाही. त्यांच्याशी आमचे बोलणे चालते ते एका वहीतून. आम्ही लिहावयाचे आणि त्यांनी मोठ्याने उत्तर द्यावयाचे. आमची पुतणी झ्यूरिकला नोकरीस आहे. तिने आम्हा सर्वांस बोलाविले तेव्हा काय काय पाहावयाचे याची यादी वहीत लिहून अप्पांपुढे ठेवली. त्यांनी त्या यादीवर एक आडवी रेघ ओढली आणि खाली एवढेच लिहिले, 'चॅप्लिन'.

लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावर आडवा पडदा बांधून चित्रपट दाखवीत, तेव्हापासून हा मनुष्य त्यांच्या मनात बसलेला आहे. यंत्र जुने, त्यातून आवाज निघत नसे. पण चॅप्लिनच्या मूकपटास त्याची अडचण कसली? पुढची जागा मोठी माणसे अडवीत, म्हणून मुले पडद्याच्या मागल्या बाजूस बसत. तेथून सारे उलटे दिसे. पाट्यांवरील इंग्रजी अक्षरेही उलटी. पण ती सुलटी असती तरी त्या वयात कोणास वाचता येणार होती!

झ्यूरिकहून लोझानपर्यंतचा प्रवास चांगला असला तरी त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लोझान सोडले की गाडी लेमान सरोवराच्या काठाकाठाने धावू लागते. एका अंगास पाणी, त्यापलीकडे फ्रान्समधील सव्हायचे डोंगर. दुसऱ्या अंगास दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढविलेले द्राक्षमळे. या लाव्हो भागास युनेस्कोने 2007 साली जागतिक वारशाचा मान दिला. हे मळे पाहून आम्हास कोकणातील डोंगरउतारांवरील भातखाचरांची आठवण झाली. पाऊण घटकेत व्हेवे आले. गाव लहान, टुमदार, आणि दुधाच्या चॉकोलेटचे माहेरघर. दानिएल पेटर नावाच्या गृहस्थाने 1875 साली ते येथेच तयार केले. मुलांचे लक्ष अर्थातच तिकडे. आम्ही त्यांस कसेबसे बसगाडीत कोंबले आणि चढणीच्या वाटेने कोर्सिए या शेजारच्या गावी आलो. 'मानुआर द बां' हे चॅप्लिनचे घर तेथे आहे.

हे घर त्याने हौसेने घेतलेले नाही. 1952 च्या सप्टेंबरात 'लाइमलाइट' या आपल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी तो लंडनला निघाला. बोट भर समुद्रात असताना अमेरिकेच्या सरकारने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. ज्या देशात त्याने जवळजवळ चाळीस वर्षे काम केले, त्या देशाचे दार असे बंद झाले. 1953 च्या आरंभी तो पत्नी ऊना व चार मुले यांसह येथे राहावयास आला. पुढे आणखी चार मुले झाली. आठ मुलांनी गजबजलेले घर! एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्यासारख्यांस तेथील जिन्यावर उभे राहिल्यावर तो गोंगाट कल्पनेने ऐकू येतो. त्याच 1953 साली पंडित नेहरू येथे भोजनास येऊन गेले. 2016 च्या एप्रिलपासून घर व भोवतालची बाग सर्वांस पाहावयास खुली आहे. आवारात एक नवी इमारत उभारून तीत त्याच्या चित्रपटांतील देखावे व मेणाचे पुतळे मांडले आहेत. पुतळे आम्हास रुचले नाहीत. जो मनुष्य क्षणभरही स्थिर राहिला नाही त्यास मेणात गोठविण्यात काय स्वारस्य? मुलांनी मात्र प्रत्येक पुतळ्यापाशी छायाचित्र काढून घेतले.

अप्पा रमले ते वाद्यांच्या ठिकाणी. चॅप्लिन उत्तम नट होता हे जगास ठाऊक आहे. तो संगीतकारही होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्याची आई रंगभूमीवरील गायिका. 1894 साली एका खेळात ऐन गाण्यात तिचा आवाज बसला आणि प्रेक्षक हुर्यो करू लागले, तेव्हा व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीस तिच्या जागी उभे केले. त्याने गाणे म्हटले आणि लोकांनी पैसे फेकले. ही हकीकत त्याने आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. आईचा आवाज गेला आणि मुलाचा रंगभूमीवरील जन्म झाला, असा हा प्रकार. सोळाव्या वर्षापासून तो रोज चार-चार, सहा-सहा तास व्हायोलिन व चेलो यांचा अभ्यास करीत असे. तो डावखुरा, म्हणून व्हायोलिनच्या तारा उलट क्रमाने लावून घेत असे. हे आम्ही वहीत लिहिले, तेव्हा अप्पा चकित झाले. "अरे, मी तर त्याला उजव्या हाताने वाजवताना पाहिलंय!" असे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पहारेकरी वळून पाहू लागला. ते म्हणत होते तेही खरेच. त्यांनी पाहिले होते पडद्यामागून.

स्वरलिपी त्यास लिहिता येत नसे. तो गुणगुणे, पियानोवर दोन-तीन बोटांनी चाल काढून दाखवी, आणि जाणकार मदतनीस ती लिहून घेत. या मदतनिसांचे हाल वाचण्यासारखे आहेत. 'मॉडर्न टाइम्स'च्या वेळी डेव्हिड रॅक्सिन हा तेवीस वर्षांचा तरुण उलट बोलतो म्हणून त्यास दीड आठवड्यात काढून टाकले आणि मग पुन्हा बोलावून घेतले! आपल्याकडील नाटकमंडळ्यांच्या मालकांचा स्वभाव ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. सगळे श्रेय त्यास देणे मात्र योग्य नव्हे. 'सिटी लाइट्स'मध्ये आंधळ्या फुलवालीसाठी वारंवार वाजणारी चाल होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची होती, आणि त्यापायी चॅप्लिनवर फिर्याद होऊन ती त्याच्याविरुद्ध गेली.

पण त्याची दृष्टी त्याची स्वतःची होती. विनोदी प्रसंगास विनोदी संगीत हवे असे मदतनीस म्हणत. तो ते मानीत नसे. पडद्यावर भटक्या आपटत असावा आणि वाद्ये मात्र गोड, नाजूक, थोडी उदास वाजावीत, म्हणजे हास्यात एक प्रकारचे सौजन्य येते, असे त्याचे मत. 'मॉडर्न टाइम्स'मधील अशाच एका सुरावटीस 1954 साली शब्द बसविले गेले, आणि 'स्माइल' या नावाने ते गाणे आज ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही असे लोकही गातात. 'लाइमलाइट'च्या संगीतास ऑस्कर मिळाले ते 1973 साली, म्हणजे चित्रपट निघाल्यास वीस वर्षे लोटल्यावर. कारण लॉस एंजेलिसमध्ये तो चित्रपट तोपर्यंत रीतसर दाखविलाच गेला नव्हता.

आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटले ते याच घरात झालेले शेवटचे काम. 'ए किंग इन न्यूयॉर्क' आणि 'ए काउंटेस फ्रॉम हाँगकाँग' हे उतारवयातील दोन चित्रपट काही केल्या जुन्यांच्या पंक्तीस बसत नाहीत. पहिल्यात तर रागच फार आहे. पण त्याच काळात तो आपल्या तारुण्यातील मूकपटांकडे वळला आणि त्यांस एकेक करून स्वर देऊ लागला. 'द सर्कस' 1928 चा. त्याचे नवे संगीत ऐंशीच्या घरात असताना केले, आणि आरंभीचे गाणे स्वतःच म्हटले. 'द किड' 1921 चा. त्यास 1971 साली संगीत मिळाले. 'ए वुमन ऑफ पॅरिस'चे संगीत 1976 साली पुरे झाले, आणि तेच त्याचे अखेरचे काम ठरले. मुका म्हणून जगात गाजलेला मनुष्य म्हातारपणी आपल्याच मुक्या मुलांस बोलते करीत बसला होता.

एका पडद्यावर 'द गोल्ड रश'मधील पावांच्या नाचाचा तुकडा चालू होता. दोन लहान पावांत दोन काटे खोचून चॅप्लिन ते पायांसारखे नाचवितो, एवढाच तो प्रसंग. अप्पा बाकावर बसून पाहू लागले. थोड्या वेळाने पुतणीने आम्हास हळूच कोपर मारले. अप्पांचे बोट गुडघ्यावर ठेका धरीत होते, आणि तो ठेका वाद्यांशी अचूक जुळत होता. तुकडा पुन्हा लागला, बोट पुन्हा बरोबर समेवर पडले. नाच आहे तेथे ताल असणारच, हे खरे. तरी आम्हास पुढे बराच वेळ काही बोलवेना. पुतणीने वहीत लिहिले, 'ताल बरोबर होता.' अप्पांनी ते वाचले, वही मिटली आणि उठून उभे राहिले.

कोर्सिएच्या स्मशानभूमीत चॅप्लिन व ऊना यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. तो 1977 च्या नाताळच्या दिवशी वारला. पुढे 1978 च्या 1 मार्चच्या रात्री दोघा चोरांनी शवपेटीच उकरून पळविली आणि खंडणी मागितली. ऊनाने एक पैसाही देण्याचे नाकारले. पोलिसांनी सार्वजनिक टेलिफोनांवर पाळत ठेवून चोर पकडले, आणि मे महिन्यात पेटी सरोवराच्या वरच्या टोकाजवळील एका मक्याच्या शेतात सापडली. आता ती काँक्रीटखाली आहे. ही सारी कथा वहीत वाचून अप्पा त्या शांत जागी खदखदा हसले. फुले घेऊन आलेली एक वृद्ध बाई आमच्याकडे पाहत होती. आम्ही ओशाळलो, तिला मात्र राग आलेला दिसला नाही.

परतीच्या बसगाडीत अप्पा खिडकीबाहेर पाहत एकदम म्हणाले, "पेटीचा भाता एकदा बघायला हवा. उंदरांनी खाल्ला असेल." वही काढून 'होय' असे लिहिण्यापलीकडे आम्हास काही सुचले नाही.

व्हेवेच्या काठावर त्याचा काशाचा पुतळा आहे. टोपी, काठी, सारे काही. त्याच्या समोर थोड्याच अंतरावर सरोवराच्या पाण्यात आठ मीटर उंचीचा एक जेवणाचा काटा उभा केलेला आहे. जवळच्या अन्नविषयक संग्रहालयाच्या दहाव्या वर्षाच्या निमित्ताने 1995 साली तो तेथे आला. सायंकाळ होत आली होती. अप्पा कठड्यास टेकून त्या काट्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"एकच कसा?" ते म्हणाले. "दुसरा कुठं आहे?"