चित्रफितीतील ‘रिंग’ : प्रयोग आणि त्याचा पुरावा

नाट्यप्रयोगाचे मूल्यमापन केवळ संहितेच्या आधारे करू नये, हे आता मराठी नाट्यसमीक्षेत बहुतेकांना मान्य आहे. प्रयोग ही स्वतंत्र कलाकृती आहे, असे वर्गात शिकवलेही जाते. परंतु प्रयोग लोपल्यानंतर त्याची केवळ चित्रफीत मागे उरते, तेव्हा समीक्षक नेमके कशाचे मूल्यमापन करीत असतो, हा प्रश्न तितक्या आस्थेने विचारला जात नाही. न पाहिलेल्या प्रयोगांविषयी प्रबंध लिहिले जातात, त्यांत ‘प्रयोगात असे घडते’ अशी विधाने येतात. वास्तविक त्या विधानांचा अर्थ ‘चित्रफितीत असे दिसते’ एवढाच असतो. या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे पाहण्यासाठी रिखार्ड वाग्नरच्या ‘डेअर रिंग डेस निबेलुंगेन’ या चार भागांच्या ऑपेराच्या बायरॉइट येथील शताब्दी प्रयोगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वाग्नरने आपल्या नाट्यकृतींसाठी बायरॉइट या छोट्या गावी नाट्यगृह उभारले आणि १८७६ साली तेथे ‘रिंग’ प्रथम सलग सादर झाले. शंभर वर्षांनी, १९७६ साली, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ नवा प्रयोग करण्याचे काम वोल्फगांग वाग्नर यांनी फ्रेंच मंडळींकडे सोपवले. वाद्यवृंदाचे संचालन पिएर बुलेझ यांचे, नेपथ्य रिशार पेदुझ्झी यांचे आणि दिग्दर्शन पात्रिस शेरो या एकतीस वर्षांच्या तरुणाचे. पडदा उघडला तेव्हा ऱ्हाइन नदीच्या तळाऐवजी जलविद्युत प्रकल्पाचे धरण दिसले. जलकन्या एकोणिसाव्या शतकातील गणिकांच्या वेषात होत्या, देवांच्या अंगावर त्या शतकातील धनिकांचे पोशाख होते, आणि अखेरच्या भागातील गुंथर तर संध्याकाळच्या मेजवानीला निघाल्यासारखा काळ्या जाकिटात वावरत होता. प्रेक्षागृहात शिट्ट्या आणि निषेधाच्या आरोळ्या उठल्या. १९८० साली हाच प्रयोग अखेरचा सादर झाला तेव्हा मात्र टाळ्यांचा गजर कितीतरी वेळ थांबला नाही.

या स्थित्यंतराचे स्पष्टीकरण सहसा प्रेक्षकांच्या अभिरुचीत शोधले जाते: प्रथम न कळलेली गोष्ट पुढे कळली. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. मधल्या पाच वर्षांत प्रयोगही बदलत होता. ‘डी वाल्क्युरे’च्या तिसऱ्या अंकातील खडक १९७७ साली नव्याने घडवला गेला. त्यावर बोकलिनच्या ‘मृतांचे बेट’ या चित्राची छाया स्पष्ट आहे. ‘सीगफ्रीड’मधील नायकाची भूमिका १९७६ साली रेने कोलो यांनी केली, चित्रफितीत मानफ्रेड युंग आहेत. चित्रीकरणाचा क्रमही उलटा आहे. अखेरचा भाग १९७९ साली, तर आधीचे तिन्ही १९८० साली चित्रित झाले. चित्रफितीच्या आधारे १९७६च्या निषेधकांना अरसिक ठरवणारा अभ्यासक म्हणूनच त्यांनी न पाहिलेल्या प्रयोगावरून त्यांचा न्याय करीत असतो.

संहितेशी द्रोह झाल्याचा आरोप तुलनेने लवकर निकालात काढता येतो. सोने, सत्ता आणि प्रेमाचा त्याग यांची वाग्नरने रचलेली कथा औद्योगिक भांडवलशाहीचे रूपक आहे, असा अन्वयार्थ बर्नार्ड शॉ यांनी १८९८ सालीच मांडला होता. शेरो यांनी त्याला दृश्यरूप दिले. याहून महत्त्वाचा संदर्भ वेगळा आहे. नाझी राजवटीशी जडलेला बायरॉइटचा संबंध पुसून टाकण्यासाठी वीलांट वाग्नर यांनी १९५१पासून रंगमंच जवळजवळ रिकामा केला. प्रकाश, वर्तुळाकार चौथरा आणि कालातीत मिथक एवढेच त्यांनी शिल्लक ठेवले. त्या रिकामपणातून हद्दपार झालेला इतिहास शेरो यांनी परत आणला. १९७६चा क्षोभ धरणामुळे झाला, असे म्हटले जाते. त्यात या परतीचाही वाटा असावा.

आता चित्रफितीकडे वळायला हवे. तिचे दिग्दर्शक ब्रायन लार्ज. रंगमंचावर कोठे पाहायचे हे नाट्यगृहातील प्रेक्षक स्वतः ठरवतो, येथे ते त्याच्यासाठी ठरवलेले असते. ‘डी वाल्क्युरे’ या भागाला याचा लाभ झाला आहे, आणि तो थोडाथोडका नाही. पहिल्या अंकात पीटर होफमान आणि जेनीन आल्टमायर यांच्या चेहऱ्यांवर ओळख उमटत जाते, ती मागच्या रांगेतून दिसणे अशक्यच. दुसऱ्या अंकात डॉनल्ड मॅकिंटायर यांचा वोटान आरशासमोर उभा राहून आपल्याच करारांत अडकल्याची कबुली देतो. शेजारी एक प्रचंड लंबक झुलत असतो, आणि शेवटाची इच्छा उच्चारताना वोटान तो थांबवतो. ऑपेरातील प्रदीर्घ स्वगत म्हणजे कंटाळा, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हा प्रवेश अवश्य पाहावा. पुढे सीगमुंड मरत असताना त्याच्या वधाला कारण झालेला पिताच त्याला कवेत घेतो. संहितेत अशी सूचना नाही. पण ती तेथे असायला हवी होती असे वाटावे, इतकी ही कृती स्वाभाविक आहे. ग्विनेथ जोन्स यांच्या स्वरातील कंप ध्वनिमुद्रिकेवर खटकतो, चित्रफितीत तो ब्र्युनहिल्डच्या स्वभावाचा भाग होऊन जातो.

हानीही तितकीच स्पष्ट आहे. ‘डास राइनगोल्ड’मधील राक्षसांसाठी शेरो यांनी गायकांना बलदंड माणसांच्या खांद्यांवर बसवून भव्यता साधली. कॅमेरा जवळ जाताच राक्षसाचा राक्षसपणा संपतो आणि चौकटीत केवळ दाढीवाला गायक उरतो. संगीताबाबतही तसेच. बायरॉइटचा वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेल्या खड्ड्यात बसतो, त्यामुळे स्वर कोठून येतो हे कळत नाही आणि गायकाचा आवाज त्यावर तरंगतो. घरातील ध्वनिवर्धकांतून हे अंतर सपाट होते. बुलेझ यांच्या जलद आणि पारदर्शक संचालनावर ‘कोरडेपणा’चा आक्षेप घेणाऱ्या कित्येकांनी ते केवळ मुद्रित स्वरूपात ऐकलेले असते, त्या आक्षेपाचे वजन तेवढ्या प्रमाणात कमीच धरायला हवे.

मराठी वाचकाला येथे आणखी एक अडचण जाणवते. ‘रिंग’ प्रथम सादर झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. या परंपरेत पद नाट्यप्रवाहातून सुटे होऊ शकते. ‘वन्स मोअर’ येतो, गायक नट पुन्हा गातो आणि कथा तोवर थांबते. वाग्नरच्या रचनेत अशी फट मुद्दामच ठेवलेली नाही. चौदा-पंधरा तासांच्या या कृतीत टाळीची जागा अंकाअखेरीस. त्यामुळे पदांवर पोसलेला आपला कान येथे ‘गाणे कधी सुरू होणार’ म्हणून ताटकळतो. चित्रफीत या अधीरतेला एक घातक सोय पुरवते: पुढे सरकवण्याची कळ. वोटानचे स्वगत ओलांडून थेट वाल्कीरींच्या स्वारीकडे गेलेल्या प्रेक्षकाने प्रयोग पाहिला असे म्हणता येणार नाही, मग तो कितीही अधिकाराने लिहो.

तरीही ही चित्रफीत टाकाऊ ठरत नाही. तिच्यावाचून शेरो यांच्या कामाविषयी आज केवळ आठवणी आणि छायाचित्रे उरली असती. तिच्या आधारे अभिनयाविषयी, पात्रांच्या परस्परसंबंधांविषयी, दिग्दर्शकीय अन्वयार्थाविषयी खात्रीने बोलता येते. अवकाशाविषयी जपून बोलावे. प्रयोगाने प्रेक्षकावर केलेल्या परिणामाविषयी मात्र तिच्या साक्षीने काहीही म्हणू नये. याचे कारण तिच्या निर्मितीतच आहे. शेवटी वालहाला जळते, वाद्यवृंद अखेरचे सूत्र आळवू लागतो आणि रंगमंचावर गोळा झालेले सामान्य स्त्रीपुरुष हळूहळू वळून प्रेक्षागृहाकडे पाहू लागतात. देव गेले; आता पुढे काय, हे जणू ते समोरच्या जिवंत माणसांना विचारतात. संपूर्ण प्रयोगातील ही सर्वांत धाडसी जागा. पण चित्रीकरण प्रेक्षकांविना झाले होते. ती माणसे ज्यांच्याकडे पाहतात, त्या खुर्च्या तेव्हा रिकाम्या होत्या.