तिसरा चौकोन

स्कीच्या दुकानात बाइंडिंग बसवून देण्याआधी एक कागद भरून घेतात. त्यात उंची, वजन, वय आणि खाली तीन चौकोन. जपून उतरणाऱ्याने पहिल्यावर खूण करायची, तीव्र उतारावर वेगाने जाणाऱ्याने तिसऱ्यावर, उरलेल्यांनी दुसऱ्यावर. मी तेव्हा अठ्ठेचाळीसचा होतो आणि स्की करायला लागून सात हिवाळे झाले होते. माझी जागा सरळसरळ दुसऱ्या चौकोनात होती. पण रांगेत माझ्या मागे ऑफिसातला एक तिशीतला मुलगा उभा होता. मी तिसऱ्यावर खूण केली.

त्या खुणेवरून बाइंडिंगची स्प्रिंग किती आवळायची ते ठरतं. म्हणजे पडताना बूट स्कीपासून किती सहज सुटावा, ते. मला हे ठाऊक होतं. मी इंजिनिअर आहे.

स्कीही त्या चौकोनाला शोभेल अशीच निवडली. लांबी 165 सेंटिमीटर, कंबर 67 मिलिमीटर, आत धातूचे दोन पातळ पत्रे, आणि वळण घ्यायला जेमतेम 13 मीटरची त्रिज्या. शर्यतीच्या स्कीची सख्खी बहीणच. घेण्याआधी चालवून पाहिली होती, नाही असं नाही. सकाळी साडेनऊला, रात्रभर यंत्र फिरवून कॉर्डरॉयसारख्या रेघा पाडलेल्या उतारावर. धार बर्फात अशी रुतायची की वळण मी घेतोय की स्की, तेच कळेना. तासाभरात क्रेडिट कार्ड काढलं. मोगलांत एकदाही नेली नाही.

मोगल म्हणजे बर्फाचे उंचवटे. औरंगजेबाशी संबंध नाही. वरून येणारा प्रत्येक जण साधारण त्याच जागी वळतो, वळताना बर्फ बाजूला सारतो, त्याचे ढीग होतात आणि मधल्या चरांत बर्फ घासून टणक होतो. डेन्व्हरहून बर्थोड खिंड ओलांडली की विंटर पार्क लागतं. तिथल्या मेरी जेन भागातले काही उतार मुद्दाम यंत्राविना सोडलेले असतात, आणि तिथले उंचवटे कमरेपर्यंत येतात. मोगलांच्या घोड्यांना म्हणे पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे. आमच्याकडे उलटं झालं, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

दुपारचे दोन वाजले होते, मांड्या भरून आल्या होत्या. ऑफिसातला मुलगा पुढे निघून गेला होता. तिसऱ्या उंचवट्यावर स्कीची टोकं आदळली. मऊ स्की असती तर वाकून वर चढली असती. ही वाकली नाही, तिने मला मागे फेकलं. मागे बसलो तसा सगळा भार शेपटीवर आला, आणि सकाळी जिच्यावर मी भाळलो होतो त्याच रुंद, ताठ शेपटीने चराच्या भिंतीत धार रोवली. स्की तिच्या स्वभावाप्रमाणे आत वळायला लागली. पाय माझा होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. बूट सुटला नाही. बोटं मोडल्यासारखा आवाज तेवढा आला.

एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं होतं. बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं, गुडघ्याची हमी कोणतंच देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दुसऱ्या चौकोनावर खूण केली असती तरी गुडघा गेलाच असता कदाचित. या वाक्याचा आधार घेऊन मी घरी थोडा बचाव करून पाहिला. चालला नाही. चौकोन खोटा नसता तर ती स्की घेतली नसती, आणि ती स्की घेऊन दुपारी दोनला त्या उतारावर गेलो नसतो.

शस्त्रक्रिया, मग नऊ महिने व्यायाम. पैशांचं सोडा. मार्चमध्ये मिरजेला वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, तिकिटं रद्द केली. पाय उशीवर ठेवून पहाटे स्पीकरफोनवर मंत्र ऐकले. काय झालं ते त्यांना नीट सांगितलं नव्हतं; बर्फावरून घसरलो, एवढंच. “बर्फ पडला की घराबाहेर पडू नये,” ते म्हणाले.

आता माझी स्की 74 मिलिमीटर कमरेची आहे. धातू नाही, टोक मऊ, शेपटी अरुंद. सकाळच्या कडक, सपाट उतारावर वेग वाढला की ती थरथरते, आणि ऑफिसातला मुलगा मला सहज मागे टाकतो. घेण्याआधी तिला मुद्दाम दुपारी मोगलांत नेली होती, पाय थकल्यावर.

बाइंडिंग दरवर्षी तपासून घेतो, म्हणजे कागद दरवर्षी येतोच. पेन अजूनही तिसऱ्या चौकोनाशी क्षणभर थबकतं. मग दुसऱ्यावर खूण करतो. वजन मात्र पाच पौंड कमी लिहितो. त्याने स्प्रिंग झाली तर सैलच होते.