मतलईच्या दिवसांतले डोंगर

दिवाळी उलटली की मोरा बंदरावर पहाटेचा वारा डोंगराकडून यायला लागतो. हा मतलई. दुपारी समुद्रावरून उलटा फिरतो तो खारा. मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या पहिल्या लाँचसाठी उभी असलेली माणसं या दिवसांत कानटोप्या घालून दिसतात, आणि पाठीवर सॅक घेतलेली काही मंडळी नेमकी उलट दिशेला, पनवेलच्या एसटीकडे निघालेली असतात. उरणचं मोरा तसं समुद्राचं गाव, पण डोंगर इथून दूर नाहीत. पाठीशी द्रोणागिरी आहे. पनवेल गाठलं की कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड, कलावंतीण यांतला कुठलाही एका दिवसात करून रात्री घरी जेवायला येता येतं.

मे महिन्यात कर्नाळा चढलेल्या माणसाला थंडीचे फायदे समजावून सांगावे लागत नाहीत. कोकणच्या दमट हवेत घाम खूप येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हृदयाला मग दोन कामं एकदम करावी लागतात. पायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचं, आणि आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी तेच रक्त कातडीकडेही पाठवायचं. डिसेंबरात हवा कोरडी आणि गार असते, त्यामुळे दुसरं काम हलकं होतं. तोच चढ, तेच गुडघे, तीच सॅक. धाप मात्र कितीतरी कमी लागते. शिवाय कातळ कोरडा असतो, शेवाळ वाळलेलं असतं, गडावरच्या टाक्यांत पावसाचं पाणी अजून असतं. सुळके चढणारे आपल्या मोठ्या चढाया याच महिन्यांत का ठेवतात, ते वेगळं सांगायला नको.

एका फायद्याबद्दल मात्र प्रस्तुत लेखकाचं लोकांशी नेहमी वाजतं. हिवाळ्यात डोंगरावरून दूरवरचं स्वच्छ दिसतं म्हणे. आपल्या भागात नाही दिसत. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि दोन्ही मुंबयांचा धूर, बंदराकडे धावणाऱ्या ट्रेलरांची धूळ त्याखाली कोंडून राहते. द्रोणागिरीच्या माथ्यावरून सकाळी जेएनपीए बंदराच्या क्रेन ओळखता येतात, अटल सेतूचं पलीकडचं टोक धुरक्यात गेलेलं असतं. दृश्यासाठीच जायचं तर पाऊस ओसरल्यावर लगेच, ऑक्टोबरात जावं.

तयारीचं म्हणाल तर मोऱ्याच्या माणसाला जिमची गरज नाही. द्रोणागिरी आहे. उरण एसटी स्थानकाजवळून वाट निघते, वर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत, तटबंदीचे तुकडे आहेत. महिनाभर दर रविवारी तो चढून उतरावा, आणि सॅकमध्ये दर वेळी एक पाण्याची बाटली वाढवावी. खरी तालीम उतरताना होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि सवय नसेल तर दोन दिवसांनी जिना उतरताना त्याची आठवण येते. नवखी मंडळी चढाचा सराव करतात, उताराचा करत नाहीत. मुंबईहून लाँचने येणाऱ्यांनी मात्र आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं. ओहोटीला मोऱ्याच्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाहीत आणि फेऱ्या काही तास बंद राहतात. 12 जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल आली, तेव्हापासून ही अडचण निम्मी झाली आहे.

कोकणातली थंडी माणसाला गारठवत नाही, ती त्याचे लाड करते. तहान लागू देत नाही, दमल्याचं कळू देत नाही, सकाळी अंथरुणातून उठू देत नाही. हिवाळी चालीची तयारी करायची ती या लाडांविरुद्ध.

सगळ्यात आधी घड्याळ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस अकरा तासांचाही भरत नाही. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर ज्या बेतात सगळं आरामात बसलं, तोच बेत डिसेंबरात दोन तासांनी तोकडा पडतो. त्यात गंमत अशी की सगळ्यात उशिराचा सूर्योदय 21 डिसेंबरला नसतो, जानेवारीच्या मध्याला असतो. संक्रांतीला दिवस तिळातिळाने मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने, सकाळच्या नव्हे. त्यामुळे जानेवारीतही पहाटे निघणाऱ्याला टॉर्च लागतेच. टॉर्च डोक्याला बांधायची असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलची टॉर्च ही टॉर्च नव्हे. परतीची वेळ घरून निघतानाच ठरवावी: दुपारी दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा हाकेवर असला तरी. कर्नाळ्यासारख्या झाडीच्या वाटेवर सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं.

मग पाणी. गार हवेत तहान मंदावते, पण शरीर पाणी टाकत असतंच, घामातून आणि प्रत्येक उच्छ्वासातून. दुपारी उतरताना डोकं दुखायला लागतं आणि लोक ऊन लागलं म्हणतात. कर्नाळ्यासाठी माणशी दोन-अडीच लिटर, प्रबळगडासाठी तीन. तहान लागण्याची वाट न पाहता दर थांब्याला चार घोट. मोऱ्याच्या डब्यात जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी असली की हा प्रश्न आपोआप सुटतो. ती चटणी पाणी प्यायला लावतेच.

कपड्यांवर लोक वाजवीपेक्षा जास्त खर्च करतात. चढाला लागताना किंचित थंडी वाजली पाहिजे, तर कपडे बरोबर. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, सॅकमध्ये स्वेटर आणि विंडचीटर, आणि माथ्यावर पोचल्यावर घाम निवायच्या आत स्वेटर अंगावर. जीन्स नकोच. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की अंगातली ऊब घेऊन जातं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. साडेचारशे मीटरच्या आतबाहेरच्या कर्नाळ्यावर हा फरक तीन अंशांचा. पण रात्री गार, जड हवा दरीत उतरून बसते, म्हणून मुक्काम केला तर पायथ्याच्या गावात माथ्यापेक्षा जास्त कुडकुडायला होतं. 1424 मीटरच्या हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी जानेवारीची रात्र काढणाऱ्याला स्लीपिंग बॅगेवर काटकसर करून चालत नाही. आणि हल्ली डिसेंबरच्या सुट्टीत मराठी मुलं थेट उत्तराखंडात केदारकांठ्याच्या बर्फात जातात. तिथे ओल्या मोज्यांचा प्रश्न गंभीर होतो. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की आधी बोलणं जड होतं, मग विचार, आणि आपल्याला काही होतंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. मोजे, घाम, स्वेटर यांची शिस्त सह्याद्रीत लागलेली बरी.

कर्नाळ्याला थंडीत जायचं आणखी एक कारण पाखरं. 1968 साली अभयारण्य झालेलं हे जंगल महामार्गाला खेटून आहे, तरी स्थलांतर करून आलेले पक्षी हिवाळाभर इथे असतात; स्वर्गीय नर्तक तर शेपटीची फीत उडवत वाटेवरूनच जातो. वर सुळक्याच्या पायथ्याशी टाकी आहेत, आणि सुळक्यावर आग्या माश्यांची पोळी. शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा याच गडाचे किल्लेदार होते. आजचे किल्लेदार या माश्या. अत्तर नको, धूर नको, पोळ्याखाली आरडाओरडा नको. उठल्याच तर हात झाडत उभं राहू नये. डोकं-तोंड झाकून झाडीत खाली पळावं, मागाहून काटे नखाने खरवडून काढावेत, आणि कुणाला श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

कलावंतिणीच्या कातळपायऱ्या थंडीत कोरड्या असल्या तरी त्या उंच आहेत आणि बाजूला कठडा नाही. वर जाताना डोळ्यांसमोर दगड असतो, उतरताना दरी. शिवाय जानेवारीपासून खालच्या प्रबळमाची गावाच्या वाटेवर मुरूम सुटा होतो, गवत वाळून गुळगुळीत होतं. पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा हा घसारा जास्त माणसं पाडतो, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. नखं झिजलेले बूट अशा वेळी पायतळाला साबण लावल्यासारखे वागतात. प्रबळमाचीवर घरगुती जेवण मिळतं. ते उतरताना खावं. भरल्या पोटी त्या पायऱ्या चढू नयेत.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर पोपटी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर रायगडात वाल येतो, आणि त्याच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भरून मडकं आगीत उलटं ठेवलं की हिवाळा साजरा झाला. हे सगळं गावात, शेतात, यजमानांसोबत. गडावर आग नको. फेब्रुवारीत गवत इतकं वाळलेलं असतं की शेकोटीची एक ठिणगी अख्खी सोंड जाळते. दरवर्षी वणव्यांनी काळ्या झालेल्या डोंगरउतारांतले कितीतरी माणसांच्या हातून पेटलेले असतात.

शिमग्याला प्रबळमाचीचे आदिवासी कलावंतिणीच्या माथ्यावर जाऊन नाचतात. तोवर थंडी संपलेली असते आणि दहा वाजताच कातळ तापायला लागतो. त्यानंतर लांबचे बेत बंद ठेवावेत. पहिल्या पावसापर्यंत द्रोणागिरी पुरतो, तोही आठच्या आत चढून उतरायचा.