काडीवरचा लाडू

आमच्या घरात आज चार पिढ्या एका छपराखाली नांदत आहेत, ही गोष्ट आम्ही चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असतो. परंतु एका छपराखाली राहणे निराळे आणि एका पंगतीला बसून एकच पदार्थ खाणे निराळे, हे मात्र सहसा कोणास सांगत नाही. हा फरक आमच्या ध्यानात आणून दिला तो एका आठ वर्षांच्या मुलीने. आणि तोही अशा एका पदार्थाच्या निमित्ताने की, ज्याचे नावही दोन वर्षांपूर्वी आमच्या कानांवर आले नव्हते.

आमचे घर हुबळीच्या केशवापुरात आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव सरकारदप्तरी हुब्बळ्ळी झाले, तरी आमच्या जिभेला जुने वळण सुटत नाही. हे शहर रेल्वेने वाढविले. आगगाडीबरोबर येथे नाना प्रांतांची माणसे आली. कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी बेळगावकडचे, कोणी थेट तमिळ मुलखातले. त्यामुळे केशवापुरात पहाटे देवळातील घंटा ऐकावी आणि रविवारी चर्चमधील, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आम्हीही रेल्वेच्या नोकरीनेच येथे आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. दोन वर्षांमागे आमच्या लेकीची बदली हुबळीस झाली, जावई मात्र कामासाठी बंगळूरलाच राहिले, आणि नात येथील शाळेत जाऊ लागली.

आमच्या मातुःश्रींना अठ्ठ्याऐंशीवे वर्ष चालू आहे. त्यांचे आणि या पणतीचे मेतकूट असे जमले की, एकीने स्तोत्र म्हणावे आणि दुसरीने चुका काढाव्यात! असे असता २०२३ सालच्या वाढदिवसाला एक लहानशी गोष्ट घडली. बाजारातून केक आला, मेणबत्त्या विझल्या, नातीने पहिला तुकडा पणजीच्या हातावर ठेवला. मातुःश्रींनी तो कपाळाशी नेला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तुकडा बशीत परत ठेवून दिला. आम्हा मोठ्यांना त्यात काही वाटले नाही. अंड्याचा पदार्थ त्या खात नाहीत आणि बाहेरचे शिजलेले अन्न तर मुळीच नाही, हे सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एका मुलीला. रात्री आईच्या कुशीत शिरून ती रडली. पणजीने आपला केक खाल्ला नाही, एवढेच तिचे गाऱ्हाणे होते.

२०२४ सालचा वाढदिवस तुळशीच्या लग्नानंतर यायचा होता. दिवाळी सरताच नातीने फर्मान काढले, “या वर्षी रेड व्हेल्वेट केक पॉप हवेत. आणि पणजीने खाल्ले पाहिजेत.”

हा काय पदार्थ, म्हणून आम्ही विचारले. तिने एका मैत्रिणीकडे तो पाहिला होता. काडीवर बसविलेला चेंडूएवढा गोळा, वरून पांढऱ्या चॉकलेटचे कवच, आत मखमलीसारखा मऊ लाल केक. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील अँजी डडली या बाईंनी २००८ साली या काडीवरच्या गोळ्यांना जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. कृतीही मोठी गमतीची. केक भाजावयाचा, तो हाताने कुस्करावयाचा, दुधातुपाच्या कशाने तरी भिजवून त्याचे गोळे वळावयाचे. ज्यांच्या घरी शिळ्या पोळ्या कुस्करून गूळतुपात लाडू वळले जातात, त्यांना यात नवे ते काय वाटावे?

लेक म्हणाली, “एवढा खटाटोप कशाला, बाबा? अंडे न घातलेलेही विकत मिळतात.” परंतु त्यास दोन अडचणी होत्या. एक, विकतचा पदार्थ मातुःश्रींच्या मुखी जाणार नव्हता. दुसरी, त्या तांबड्या रंगाची. त्याच वर्षी मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि ‘बुढ्ढी के बाल’ यांतील घातक कृत्रिम रंगांवर बंदी घातली होती. ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा खात्याने केकसंबंधी इशारा दिला. तपासलेल्या २३५ नमुन्यांपैकी २२३ निर्दोष निघाले, बारांत मात्र कृत्रिम रंग प्रमाणाबाहेर सापडले. आणि त्यांत रेड व्हेल्वेटचे नाव अग्रभागी होते. २३५ त १२ म्हणजे भय बाळगण्याजोगा आकडा नव्हे, हे खरे. पण घरातील मुलीच्या वाढदिवसाला तो बारांतला एक आपल्या वाट्यास येऊ नये, असे कोणाला वाटणार नाही?

वास्तविक या केकचा मूळचा रंग एवढा भडक नव्हता. पूर्वीच्या साध्या कोकोत आंबट ताक पडले की त्याला किंचित तांबूस झाक येई. बाटलीतला लाल रंग मागाहून आला. काही लाल रंग तर निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात. ही माहिती आम्ही मातुःश्रींपासून लपवून ठेवली आणि दुर्गदबैलाच्या बाजारातून चार बिटे घेऊन आलो.

येथे आम्हांला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय आम्ही या वयात कुकरपाशी का उभे राहिलो, हे वाचकांस उमगणार नाही. १९९२ च्या सुमाराची ही हकीकत. आमची लेकही तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिनेही वाढदिवसाला केक मागितला होता. आम्ही सोवळ्याओवळ्यावर एक व्याख्यान देऊन तिची मागणी फेटाळून लावली. शेजारी गोव्याचे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना कशी कोण जाणे बातमी लागली, आणि त्यांनी आपल्या हातांनी केक करून मुलीला सायंकाळी बोलावून घेतले. ती परत आली तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्याला एक कण चिकटलेला होता. आम्ही तिला मोरीवर नेऊन चूळ भरावयास लावली. ती रडली नाही. पण त्यानंतर तिने आपला वाढदिवस म्हणून आमच्याकडे कधी काही मागितले नाही. मातुःश्री त्या वेळी देवापुढे वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, परंतु त्या काही बोलल्या नाहीत.

असो. रविवारी आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रयोग केला. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, एक चमचा कोको, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि उकडून वाटलेले बीट. अंड्याने केक फुगतो आणि धरून राहतो. ते काम येथे दह्यातील आंबटपणा आणि सोडा यांच्याकडे सोपविले. कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरला, झाकणाची शिटी आणि रबरी कडी काढून ठेवली, आणि मंद आचेवर पाऊण तास डबा ठेवला. ही युक्ती त्याच शेजारच्या बाईंनी पूर्वी सौभाग्यवतींना सांगितली होती, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले.

डबा उघडला. भिजवलेले पीठ गुलाबासारखे लाल होते. केक मात्र गुळाच्या ढेपेच्या रंगाचा निघाला. नात काही बोलली नाही. तिने डब्यात वाकून पाहिले आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

तिच्यामागून जपमाळ ओढीत असलेल्या मातुःश्रींचा आवाज आला, “बिटात काय घातलेत?” सौभाग्यवती म्हणाल्या, “सोडा घातला, आई.” त्यावर मातुःश्री हसल्या. “आमच्या माहेरी कुंकू घरी करीत. हळदीला चुना लागला की ती लाल होते. खाराने रंग पालटतो, हे तुम्हांला शाळेत शिकविले नाही? बिटाला आंबट हवे. सोलां घाला.”

आमसुलांना आमच्या कोंकणी घरांत सोलां म्हणतात. पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा मातुःश्रींचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. बिटाचा रंग आंबटात टिकतो, खाराने पिवळट तपकिरी होतो आणि फार उष्णतेने नासतो. आमसुलाचा लाल रंग निराळ्या जातीचा, परंतु त्यालाही आंबटच मानवते. साऱ्या आयुष्यात केक न चाखलेल्या बाईने केकमधील दोष कुंकवाच्या करंड्यावरून ओळखला!

दुसऱ्या खेपेस सोडा पाव चमच्यावर आणला. बीट न उकडता किसून वाटले. सहा आमसुले धुऊन पाण्यात भिजत घातली आणि त्यांचे दोन चमचे पाणी मिसळले. कोकोही निम्मा केला. या वेळी वरचा पापुद्रा तपकिरी झाला खरा. पण तो सुरीने काढून टाकताच आत डाळिंबी रंग दिसला. जी काही फिकट झाक उरली होती, तिच्यावरही उपाय सापडला. अमेरिकेत कुस्करा एकत्र बांधण्यास मऊ चीज वापरतात. आम्ही त्या जागी रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का घेतला, त्यात साखर, वेलदोडा आणि चमचाभर कच्च्या बिटाचा रस घातला. हा रस विस्तवाचे तोंड पाहत नाही, म्हणून त्याचा रंगही जात नाही. थोडक्यात सांगावयाचे तर श्रीखंडात कालवलेला केक. चक्का जपून घालावा. चार वाट्या कुस्कऱ्याला तीन-चार मोठे चमचे पुरेत. आमचा पहिला घाणा सैल होऊन काडीवरून खाली घसरला.

सुपारीहून मोठे आणि लिंबाहून लहान असे बावीस गोळे झाले. ते अर्धा तास थंड जागी ठेवले. हिरव्या ठिपक्याची खूण पाहून आणलेले पांढरे चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळविले. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी सारे घट्ट होऊन बसते, म्हणून भांडे कोरडे ठणठणीत हवे. काडीचे टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात खोचावे, म्हणजे गोळा निसटत नाही. आणि ओले कवच वाळेपर्यंत काड्या उभ्या कशात कराव्यात? नातीने कोबीचा एक गड्डा आणला आणि त्यात त्या टोचल्या. तो कोबी पाहून देवळातील उत्सवाच्या सजविलेल्या रथाची आठवण व्हावी!

एकच गोळा काडीशिवाय बाजूला ठेवला होता. तो नातीने सकाळी स्नान करून, पणजीच्या देखरेखीखाली, स्वतः वळला होता. त्याला चॉकलेट लावले नाही. किसलेल्या सुक्या खोबऱ्यात घोळविला. मातुःश्री म्हणाल्या, “देवापुढे ठेव.”

आम्ही क्षणभर घुटमळलो. मैदा, कोको आणि साता समुद्रांपलीकडचे नाव. हे नैवेद्याला चालेल काय? मग आमचे आम्हांलाच हसू आले. ज्या साबुदाण्यावर आणि बटाट्यावर आमच्या एकादश्या पार पडतात, त्या दोहोंची मूळ झाडे अमेरिकेतलीच ना? धारवाडचा पेढा तरी धारवाडचा कोठे होता? तो एकोणिसाव्या शतकात उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने येथे आणला. आणि आता तो नसेल तर आमच्याकडील मंगलकार्य अपुरे वाटते.

नैवेद्य झाला. मातुःश्रींनी लाडू हातात घेतला. नात त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. त्यांनी लाडवाचे दोन भाग केले, एक तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला. “बरें आसा,” त्या पणतीला म्हणाल्या. आणि ती टाळ्या पिटीत कोबीकडे धावली.

दुसरा भाग मातुःश्रींच्या हातातच होता. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आमच्या लेकीला जवळ बोलाविले आणि तो तिच्या तळहातावर ठेवला.

“घे, बाय. तुझा राहिला होता.”

लेकीने तो उभ्याउभ्याच खाल्ला. तिच्या ओठाला खोबऱ्याचा एक कीस चिकटला होता. आम्ही काहीतरी निमित्त काढून कुकरमधील मीठ काढावयास स्वयंपाकघरात गेलो.

डिसेंबरात शेजारच्या घरून नाताळचे ताट आले. त्या बाई आता नाहीत. ताट त्यांच्या सुनेने आणले. त्यात नेहमीप्रमाणे नेवऱ्या होत्या, कलकल होते आणि केकचा एक तुकडा होता. इतकी वर्षे ते ताट आमच्याकडे बाहेरच्या स्टुलावरच राही, आणि धुऊन, वर चार केळी ठेवून परत जाई. या वेळी मातुःश्रींनी ते आत देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आणविले. नेवऱ्यांची मुरड निरखून पाहिली आणि हात चांगला आहे, असा अभिप्राय दिला. मग सौभाग्यवतींना म्हणाल्या, “केळी नकोत. ते लाल लाडू पुन्हा करा आणि ताटात घालून पाठवा. काड्यांसकट.”