घे!

अजूनही पहाटे जालना रोडवरच्या ट्रकांची घरघर जरा थांबली, की मला आमचं चिकलठाण्याचं मुरमाचं मैदान ऐकू येतं. हो, ऐकूच येतं. दिसतं ते नंतर. आधी स्पाइक्सचे खिळे मुरमात रुतून निघताना होणारी ती करकर, जात्यात ज्वारीचा पहिला घास पडावा तशी, मग जवळ जवळ येणारा श्वास, आणि मग आक्काची हाक, "घे!" एवढा एकच शब्द, तोही अर्धा वाऱ्यावर गेलेला.

तुम्ही कधी रिले पळला नसाल, तर सांगते. चार बाय शंभरमध्ये बॅटन घेणारीनं मागं बघत पळायचं नसतं. पावलाला पाऊल लावून मोजलेली एक खूण मागे केलेली असते. येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की मान वळवायची, जीव खाऊन सुटायचं, आणि हाक आली की तळवा मागे द्यायचा. आमची खूण बावीस पावलांवर, फक्कीची आडवी रेघ. आक्का तिसरी, मी चौथी. वळणावरून ती यायची तेव्हा माझे डोळे तिच्यावर नसायचेच, त्या रेघेवर असायचे. आणि ती रेघेवर आली की माझी पाठ तिच्याकडे. शंभरच्या शर्यतीतही बघणं झालं नाही, कारण तिथे शेजारच्या लेनमध्ये मीच. चार वर्षं आम्ही पळलो, आणि पळताना तिचा चेहरा कसा होत होता, ते मला ठाऊक नाही.

बाकी सगळं ठाऊक आहे. तिच्या पोटऱ्यांना येणारा आयोडेक्सचा वास, रुमालात बांधलेल्या भिजवलेल्या हरभऱ्यांचा ओलसर वास, थंडीत सुखना नदीकडून येणारा गारठा, एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून सायकलींवर घरी निघालेले आणि आम्हाला बघून उगीच घंटी वाजवणारे कामगार. विमानतळावरून सकाळचं विमान उठलं की आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहायची. "त्यालाबी आधी पळावंच लागतंय बघ," म्हणायची.

आमचे खेळाचे सर फक्की टाकता टाकता मेरी डिसूझाची गोष्ट सांगत. वांद्र्याची पोरगी, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निवडली गेली, पण जायला पैसे नाहीत. तेव्हा मित्रमंडळींनी नाच आणि पत्त्यांचे डाव ठेवून ते उभे केले. तिथे ती पहिल्याच फेरीत बाद झाली. दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई स्पर्धेत मात्र क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी, अशा चौघींनी ४९.५ सेकंदांत रिलेचं सुवर्णपदक आणलं. आक्काला पदकापेक्षा पत्त्यांचंच कौतुक. "आपल्या गल्लीत डाव मांडला तर जिंकलेले पैशे कोण देणार?" आणि मग नेहमीचा प्रश्न, "सर, मनिलात त्या काय ओरडल्या असतील हो?" सर म्हणायचे, रेघेकडं लक्ष द्या.

लग्नानंतर तिचे स्पाइक्स माळ्यावर गेले. आजाराचं सांगत नाही, तो तुमच्याही ओळखीचा असेल. शेवटी शेवटी मी तिचा हात हातात घेऊन बसायची, आणि तो मला परका वाटायचा; कारण मला तिचा हात ठाऊक होता तो मागून येऊन तळव्यावर आदळणारा, घामानं निसरडी झालेली बॅटन घट्ट रोवून सुटणारा. इतका वेळ तो माझ्या हातात कधी राहिलाच नव्हता.

बॅटन बदलायचा पट्टा आमच्या वेळी २० मीटरचा होता, आता ३० चा केलाय. ती बातमी वाचली त्या सकाळी, आक्के, दहा मीटर वाढवून दिले गं, एवढं सांगायला मी फोन उचललासुद्धा होता.

विभागीय स्पर्धेचा एक फोटो आहे आमच्याकडे. चौघी ओळीत उभ्या, बॅटन माझ्या हातात, आणि हसता हसता आक्काचे डोळे मिटलेले. ती पळतानाचा एकही नाही.