संहितेचा नवा पत्ता

जुन्या सूचीत नोंदलेले हस्तलिखित सांगितलेल्या जागी सापडत नाही, हा अनुभव पाठचिकित्सकाला नवा नाही. संगणकाच्या प्रोग्रामवरही असा प्रसंग येतो, हे मात्र सहसा त्याच्या कानी पडत नाही. एका विद्यापीठातील पाठसंपादन-प्रकल्पात तो आला, आणि त्यापायी एका अनुपस्थित माणसावर आळ येण्याची वेळ आली.

हस्तलिखितांतील पाठभेद ओळीला ओळ लावून दाखविणारा एक प्रोग्राम तेथे वापरात होता. ज्या तरुणाने तो मुळात लिहिला, तो प्रकल्प सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या साहाय्यकाने पुढे त्यात भर घातली होती. जुना संगणक निकामी होऊ लागला तेव्हा सारी सामग्री नव्या संगणकावर हलविण्यात आली. त्यानंतर एका सटीक पोथीचे काम सुरू होताच प्रोग्राम मध्येच कोसळू लागला. साहाय्यकाने जीडीबी या डीबगरचा आधार घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलेले हे साधन थांबलेल्या प्रोग्रामच्या अंतरंगात डोकावते. त्याने दोषस्थळ तत्काळ सांगितले: ‘पाठ.सी’ ही फाइल, ओळ २१२. पण ती ओळ दाखवावयास सांगताच उत्तर आले, अशी फाइलच नाही.

यात वस्तुतः विसंगती काही नाही. कंपायलर मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, तेव्हा तशी सूचना दिलेली असल्यास कोणती यंत्राज्ञा कोणत्या फाइलीतील कितव्या ओळीची, हे टिपून ठेवतो. फाइलीचे नाव आणि त्या वेळचा तिचा मार्गही नोंदवितो. संहिता मात्र तो बरोबर देत नाही. प्रोग्रामजवळ उरते ती केवळ सूची. संहिता हलली तरी सूची जुन्याच घराचा पत्ता सांगत राहते.

‘डिरेक्टरी’ या आज्ञेने डीबगरला शोधाची नवी जागा सांगता येते. साहाय्यकाने तेच केले. क्षणात ओळ २१२ समोर आली; तिच्याजवळ पूर्वीच्या तरुणाची आद्याक्षरे होती. दोष त्याचाच, असे टिपण लिहून साहाय्यकाने ते प्रकल्पाच्या वयोवृद्ध संपादकांपुढे ठेवले. संपादकांना संगणकाची भाषा अवगत नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, “ही ओळ कोणत्या प्रतीतली?”

प्रती दोन निघाल्या. एक, जिच्यावरून प्रोग्राम सिद्ध झाला होता ती. दुसरी, नंतर सुधारणेसाठी घेतलेली, आरंभी नव्या ओळी वाढलेली आणि अद्याप अपुरी. ‘डिरेक्टरी’ ही आज्ञा दिलेल्या जागी केवळ नावावरूनही फाइल शोधते, आणि साहाय्यकाने दिलेल्या जागी होती ती दुसरी प्रत. फाइल प्रोग्रामहून अलीकडची आहे, असा इशाराही डीबगरने दिला होता. हलवाहलवीत तारखा बदलतातच, असे म्हणून साहाय्यकाने तो सोडून दिला होता.

संपादकांनी पुण्याचा दाखला दिला. मुंबई सरकारच्या संग्रहातील हस्तलिखिते १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आली. घर बदलले, अमुक वर्षाच्या संग्रहातील अमुक क्रमांक, ही पोथीची ओळख तीच राहिली. म्हणून जुन्या लेखातील निर्देश आजही पोथीपर्यंत नेतो. वाचकाने संस्थेचे नाव तेवढे बदलून घ्यावयाचे.

जीडीबीत हीच रीत ‘सब्स्टिट्यूट-पाथ’ या नियमाने साधते. मार्गाच्या आरंभीचा जुना भाग काढून तो त्या जागी नवा घालतो; पुढची डिरेक्टरींची उतरंड शाबूत राहते. तोच शब्द मार्गाच्या मध्ये कोठे आला, तर त्याला तो हात लावीत नाही. साहाय्यकाने मूळ प्रतीचे नवे स्थान अशा रीतीने कळविले. ओळ २१२ पुन्हा आली, पण निराळी. ती त्याची स्वतःची होती. राखलेल्या जागेत मजकूर मावतो की नाही हे ठरविताना त्याने तेथे एका चिन्हाला एक बाइट धरला होता; यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मूळ श्लोकांच्या आखूड ओळींत ही चूक झाकली गेली. टीकेच्या लांबलचक ओळींनी ती उघडी पाडली.

नाव आणि पत्ता जुळले म्हणजे प्रत जुळली असे नाही, हे संगणकशास्त्रानेही ओळखले आहे. डीबगरसाठी माहिती साठविण्याच्या ‘ड्वॉर्फ’ या पद्धतीच्या २०१७ मधील पाचव्या आवृत्तीत, फाइलीच्या मजकुरावरून काढलेली अंकमुद्रा नोंदविण्याची सोय आहे. मजकूर बदलला की ही मुद्रा बदलते.

साहाय्यकाने पहिले टिपण फाडून टाकले नाही. त्यावर एक रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली. तीत प्रतीचे स्थान आणि तारीख आहे, आणि दोष कोणाचा या प्रश्नापुढे त्याचे स्वतःचे नाव.